कार्ल : एका सामान्य नांवाचें भाग्य

मुंबईचें बेट पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या ज्या राजाला आंदण म्हणून मिळालें, त्याचें नांव दुसरा चार्ल्स. विवाहाचा तह १६६१ सालीं झाला आणि १६६८ सालीं राजेसाहेबांनीं तें बेट सालीना दहा पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. ही गोष्ट शाळकरी मुलांनाहि ठाऊक असते. मात्र ज्या नांवाच्या मोहोरेखालीं मुंबईची अशी देवघेव झाली, तें नांव मुळांत राजाचें नव्हेच, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. इंग्रजांचा चार्ल्स, फ्रेंचांचा शार्ल, पोर्तुगीजांचा कार्लोस, इटालियनांचा कार्लो हीं सर्व रूपें 'कार्ल' या एका जुन्या जर्मानिक शब्दापासून निघालीं. आणि कार्ल म्हणजे केवळ 'बाप्या', 'गडी', फार तर 'घरधनी'.

जुन्या जर्मन भाषेंत, नॉर्वे-आइसलँडच्या भाषेंत आणि अँग्लो-सॅक्सनांच्या बोलींत हा शब्द थोड्याफार उच्चारभेदानें आढळतो. सर्वत्र त्याचा अर्थ वयांत आलेला पुरुष, नवरा, किंवा जो दासहि नाहीं व सरदारहि नाहीं असा स्वतंत्र माणूस. भाषापंडित त्याचा संबंध 'पिकणें, वय होणें' या अर्थाच्या एका प्राचीन धातूशीं जोडतात. तोच धातु संस्कृतांत 'जॄ' या रूपानें आला आणि त्यापासून जरा, जरठ, जीर्ण हे आपल्या परिचयाचे शब्द झाले. संस्कृतांतील 'ज'च्या जागीं जर्मानिक भाषांत 'क' येणें हा तर ठरलेला नियम आहे. संस्कृत 'जानु' म्हणजे गुडघा. त्याच गुडघ्याला इंग्रजींत 'नी' म्हणतात आणि लिहितांना त्याच्या आरंभीं 'के' हें मुकें अक्षर अजून घालतात. तें मुकें अक्षर म्हणजे त्या जुन्या ककाराची उरलेली खूण. या हिशेबानें युरोपांतील सगळे कार्ल आपल्या 'जरठ' शब्दाचे दूरचे भाऊबंद ठरतात.

या शब्दाचा सामाजिक दर्जा कोणता होता, हें 'रीगस्थुला' या जुन्या नॉर्स काव्यावरून स्पष्ट होतें. रीग नांवाचा देव पृथ्वीवर हिंडत तीन घरीं उतरतो आणि त्या तीन घरीं तीन मुलगे जन्मतात : थ्रेल, कार्ल आणि यार्ल. थ्रेल म्हणजे दास. यार्ल म्हणजे घोडा, भाला आणि शिकार यांत रमणारा उमराव. आणि मधला कार्ल बैल वठणीवर आणतो, नांगर करतो, घरें बांधतो. आपल्याकडे अशा माणसाला कुणबी म्हटलें असतें. अशा कुणब्याचें नांव सम्राटाला कसें मिळालें, हा या कथेंतला खरा प्रश्न आहे.

जर्मानिक लोकांत थोर घराण्यांतील नांवें बहुधा दोन शब्दांचीं असत. आपल्याकडील विजयसेन, चंद्रगुप्त यांसारखीं. थिओडोरिक म्हणजे लोकांचा अधिपति. झिगिबर्ट म्हणजे विजयानें तेजस्वी. हिल्डेबर्ट म्हणजे युद्धांत तेजस्वी. पांचव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रँक लोकांवर राज्य करणाऱ्या मेरोव्हिंजियन घराण्यांत क्लोविस, क्लोथार, थिओडोरिक, हिल्डेबर्ट, दागोबर्ट हीं नांवें फिरून फिरून येतात. तीं नांवें म्हणजे त्या घराण्याचें वतनच होतें. नांवावरूनच गादीवरचा हक्क ओळखला जाई.

सातव्या शतकाच्या मध्यास ग्रिमोआल्ड नांवाच्या कारभाऱ्यानें या वतनावर हात टाकून पाहिला. राजा वारल्यावर त्यानें लहान राजपुत्र दागोबर्ट याला आयर्लंडांतील मठांत पाठवून दिलें आणि स्वतःच्या मुलाला 'हिल्डेबर्ट' या राजनांवानें गादीवर बसविलें. नांव उसनें आणलें, पण रक्त उसनें आणतां आलें नाहीं. सरदार बिथरले, ग्रिमोआल्ड मारला गेला आणि सत्ता पुन्हा जुन्या कुळाकडे गेली. या ग्रिमोआल्डच्या बहिणीचा नातू म्हणजे इतिहासांतला पहिला मोठा कार्ल, ज्याला पुढें 'मार्टेल' म्हणजे हातोडा हें उपनांव मिळालें.

कार्लचा बाप पिपिन हा राज्याचा कारभारी. त्याची थोरली बायको प्लेक्ट्रूड श्रीमंत माहेरची. तिच्या मुलांचीं नांवें कुळांतलीं, भारदस्त. दुसरी बायको आल्पाइडा, आणि तिच्या मुलाचें नांव कार्ल. या कुळांत त्यापूर्वीं हें नांव कोणाचें झालेलें दिसत नाहीं. ज्याला वारसा द्यावयाचा नाहीं त्याला बिनवारशाचें नांव दिलें, असा तर्क करण्यास येथें जागा आहे. ७१४ सालीं पिपिन मेला. त्यापूर्वीं थोरलीचे दोन्ही मुलगे वारले होते. तेव्हां तिनें आपल्या अल्पवयी नातवाच्या नांवानें कारभार हातीं घेतला आणि सावत्र मुलाला तुरुंगांत टाकलें. सवतीमत्सराची ही कथा कोणत्याहि देशांतील बखरींत शोभावी. पण दुसऱ्याच वर्षीं कार्ल निसटला. ७१६ सालीं कोलोनजवळ त्याचा पराभव झाला. त्याच वर्षीं आंब्लेव्ह येथें त्यानें शत्रूला गांठून झोडपलें, ७१७ सालीं व्हँसीची लढाई जिंकली, आणि पुढें प्लेक्ट्रूडला कोलोन शहर व नवऱ्याचा खजिना त्याच्या स्वाधीन करावा लागला. ७३२ सालीं प्वात्येजवळ स्पेनकडून आलेल्या अरब सैन्याशीं झालेल्या लढाईनें त्याची कीर्ति फार पसरली. परंतु नांवाच्या दृष्टीनें त्याहून लक्षणीय गोष्ट निराळी आहे. ७३७ सालीं मेरोव्हिंजियन राजा वारला, तेव्हां कार्लनें नवा राजा नेमलाच नाहीं. ७४१ मध्यें स्वतः मरेपर्यंत चार वर्षें गादी मोकळी होती आणि तरीहि मुकुट त्यानें आपल्या डोक्यावर ठेवला नाहीं. ग्रिमोआल्डची गत बहुधा त्याच्या डोळ्यांपुढें असावी.

तें धाडस मुलानें केलें. ७५१ सालीं दुसरा पिपिन राजा झाला आणि त्याच्या थोरल्या मुलाचें नांव आजोबांवरून कार्ल ठेवलेलें होतें. हाच शार्लमेन, म्हणजे 'थोरला कार्ल'. ७६८ सालीं तो भावाबरोबर राज्यावर आला, ७७१ सालीं भाऊ वारल्यावर एकटा उरला, ७७४ सालीं लाँबार्डांचा राजा झाला आणि ८०० सालच्या नाताळांत रोम येथें पोपच्या हातून सम्राटपदाचा मुकुट त्याच्या मस्तकीं चढला. या पराक्रमांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. नांवांच्या बाबतींत मात्र त्याची एक कृति फार बोलकी आहे. ७७८ सालीं त्याला जुळे मुलगे झाले. एकाचें नांव ठेवलें लुई आणि दुसऱ्याचें लोथार. लुई म्हणजे क्लोविस, लोथार म्हणजे क्लोथार. उच्चार बदललेलीं हीं तींच मेरोव्हिंजियन राजनांवें! ज्या वतनाला हात लावल्याबद्दल ग्रिमोआल्डचा जीव गेला, तें शंभर-सव्वाशें वर्षांनीं त्याच्या बहिणीच्या वंशजानें खुशाल आपल्या पाळण्यांत आणून ठेवलें, आणि कोणी ब्र काढला नाहीं.

या सम्राटाला स्वतःचें नांव धड लिहितां येत नव्हतें. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, कीं लिहिण्याच्या पाट्या तो उशाखालीं ठेवी आणि रिकाम्या वेळीं अक्षरें गिरवी. पण आरंभ फार उशिरां झाल्यानें यश आलें नाहीं. राजपत्रांवर 'कारोलुस' या लॅटिन रूपाचें एक चिन्ह काढीत. क्रुसाच्या चार टोंकांना क, र, ल, स या चार व्यंजनांचीं रोमन अक्षरें आणि मधल्या चौकटींत सर्व स्वर गुंफलेले. तें सगळें चिन्ह लेखनिक काढी. सम्राट त्या चौकटींत फक्त एक लहानशी रेघ ओढी. त्या एका रेघेनें मुलुखांचे निकाल लागत.

तथापि नांवाचा खरा विजय राज्याच्या सीमेबाहेर झाला. पूर्वेकडील स्लाव्ह टोळ्यांना हा बलाढ्य शेजारी एकाच शब्दानें ठाऊक होता, आणि 'कार्ल' हा शब्दच त्यांच्या भाषांत 'राजा' या अर्थानें रुळला. चेक भाषेंत राजाला क्राल म्हणतात, पोलिश भाषेंत क्रुल, रशियन भाषेंत कोरोल. स्लाव्हांकडून हंगेरियनांनीं किराय हा शब्द उचलला आणि लिथुएनियन लोक कारालियुस म्हणतात. या व्युत्पत्तीविषयीं शंका घेणारे पंडितहि आहेत, पण तिच्या बाजूचा पुरावा मोठा सुरेख आहे. स्लाव्ह भाषांत एके काळीं शब्दाच्या पोटांतील रकार व लकार यांनीं जागा बदलल्या आणि प्रत्येक शाखेनें तो बदल आपापल्या रीतीनें केला. म्हणूनच 'नगर' या अर्थाचा एकच शब्द बेलग्रेडमध्यें 'ग्राद' होतो, तर नॉव्हगोरोडमध्यें 'गोरोद'. क्राल आणि कोरोल यांतील फरक तंतोतंत तोच आहे. अर्थात् हा बदल पुरा होण्यापूर्वींच कार्ल हें नांव त्या भाषांत शिरलें असलें पाहिजे, आणि तो काळ शार्लमेनच्या काळाशीं जुळतो. असा मान युरोपांत आणखी एकाच माणसाच्या नांवाला मिळाला. सीझरच्या नांवाचा जर्मनीत कैसर झाला, रशियांत झार झाला, आणि 'कैसर-इ-हिंद' या किताबाच्या रूपानें तें हिंदुस्थानांतहि येऊन गेलें. पण सीझर हें रोममधील एका खानदानी कुळाचें नांव होतें. कार्लच्या पाठीशीं तसें कांहींच नव्हतें.

इकडे इंग्लंडांत त्याच शब्दाची उलट दशा झाली. अँग्लो-सॅक्सन कायद्यांत हा 'चेओर्ल' स्वतंत्र माणूस होता. वेसेक्सच्या राज्यांत त्याच्या वधाबद्दल दोनशें शिलिंग दंड द्यावा लागे, उमरावाच्या वधाबद्दल बाराशें. १०६६ नंतर नॉर्मन राजवटींत तो जमिनीला बांधलेला कूळ बनला आणि त्याचें नांव घसरत घसरत 'चर्ल' म्हणजे अडाणी, उर्मट माणूस येथवर आलें. चार्लटन, कार्लटन या इंग्रजी गांवांच्या नांवांत तेवढा तो जुना कुणबी नांदतो. आपण ज्यांना सप्तर्षि म्हणतों त्या ताऱ्यांना इंग्रज लोक पूर्वीं 'चार्ल्सचा गाडा' म्हणत. हा गाडा सम्राट शार्लमेनचा कीं एखाद्या शेतकऱ्याचा, यावर पंडितांचें एकमत नाहीं.

नॉर्वेमध्यें तर आणखी गंमत झाली. १०२४ च्या सुमारास राजा ओलाफ याला एक मुलगा झाला. मूल अशक्त, राजा झोंपलेला आणि त्याला उठविण्याची कोणाची छाती होईना. तेव्हां सिग्व्हाट नांवाच्या दरबारी कवीनें स्वतःच्या जबाबदारीवर बाळाचें नांव मॅग्नुस ठेवून बाप्तिस्मा करविला. राजानें सकाळीं रागानें विचारलें, हें नांव आमच्या कुळांत कोठलें? कवि म्हणाला, जगांतील सर्वांत थोर पुरुष कार्ला-मॅग्नुस, त्याचें. आतां 'मॅग्नुस' म्हणजे लॅटिनमध्यें 'थोरला'! थोरल्या बाजीरावांवरून कोणी मुलाचें नांव 'थोरले' ठेवावें, तसा हा प्रकार. परंतु पुढें तो मुलगा राजा झाला, आणि तेव्हांपासून मॅग्नुस हें स्कँडिनेव्हियांतलें प्रतिष्ठित राजनांव बनलें.

शार्लमेनच्या वंशांत मात्र त्या नांवाला उतरती कळा लागली. लुईनें तिन्ही मुलांत राज्याची वांटणी ८१७ सालींच ठरवून टाकली होती. ८२३ सालीं दुसऱ्या राणीला मुलगा झाला आणि त्याचें नांव आजोबांचें ठेवलें. त्या नांवांतच हिश्श्याची मागणी होती. सावत्र भावांचीं युद्धें जुंपलीं. ८४२ सालीं स्ट्रासबर्ग येथें या कार्लनें व त्याचा भाऊ लुई यानें एकमेकांच्या सैनिकांना कळावें म्हणून एकमेकांच्या भाषेंत शपथा घेतल्या, आणि ८४३ च्या व्हर्डनच्या तहानें साम्राज्याचे तीन तुकडे झाले. हा कार्ल 'टकला' म्हणून प्रसिद्ध आहे. पुढचा कार्ल 'लठ्ठ', तो ८८७ सालीं पदच्युत झाला. त्यापुढचा 'भोळा', त्यानें ९११ सालीं नॉर्मन पुढारी रोलो याला समुद्रकांठचा मुलूख देऊन टाकला आणि ९२९ सालीं तो कैदेंत मेला. ९८७ सालीं ह्यू कापे राजा निवडला गेला, तेव्हां ज्याचा हक्क डावलला त्या लोअर लोरेनच्या ड्यूकचें नांवहि कार्लच. तोहि विश्वासघातानें पकडला जाऊन कैदेंतच संपला.

कापे घराण्यानें हें नांव दोन शतकांहून अधिक काळ आपल्या औरस राजपुत्रांना दिलें नाहीं. पदच्युत कुळाचें नांव कोण घेणार? पण त्याच काळांत लोकांच्या कल्पनेंत शार्लमेन वाढत होता. ११०० च्या सुमाराच्या 'रोलांचें गीत' या काव्यांत तो पांढऱ्या दाढीचा, दोनशें वर्षें उलटलेला वृद्ध आहे. नांवाचा तो विसरलेला 'जरठ' अर्थ जणू काव्यांत परत आला. ११६५ सालीं सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानें त्याला संतपद देवविलें. आतां हें नांव घेण्यांत भय नव्हतें, उलट भूषण होतें. तेराव्या शतकांत फ्रान्सच्या आठव्या लुईच्या धाकट्या मुलाला तें मिळालें, आणि त्यानें १२६६ सालीं नेपल्स व सिसिलीचें राज्य जिंकलें. त्याच्या नातवाचें नांव चक्क 'कार्ल मार्टेल' असें जोडनांवच होतें! पणतू हंगेरीचा राजा झाला आणि १३१० सालीं त्याला संत स्टीफनचा मुकुट घातला गेला. तेथील प्रजा त्याला 'कारोय किराय' म्हणे.

चौदाव्या शतकांत बोहेमियांतहि असेंच घडलें. १३१६ सालीं प्राग येथें जन्मलेल्या राजपुत्राचें नांव आईच्या कुळांतलें, देशाच्या रक्षक संताचें, वात्स्लाव होतें. सातव्या वर्षीं त्याला फ्रान्सच्या दरबारीं पाठविलें. तेथील राजा चौथा शार्ल त्याच्या आत्याचा नवरा. या राजानें आपलें नांव आपल्याला दिलें, असें त्यानें स्वतःच आपल्या लॅटिन आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. हाच पुढें बोहेमियाचा राजा आणि १३५५ सालीं सम्राट झालेला चौथा कार्ल. प्रागचें विद्यापीठ त्यानेंच १३४८ सालीं स्थापिलें. आखेनच्या शार्लमेनच्या अष्टकोनी देवळाची आठवण म्हणून त्यानें प्रागमध्यें एक अष्टकोनी देऊळ उभारलें आणि तें कुमारी मेरी व संत शार्लमेन यांना अर्पण केलें. त्याची प्रजा त्याला 'क्राल कारेल' म्हणे. एकच शब्द, पांचशें वर्षांच्या अंतरानें दोन वाटांनीं आलेला, शेजारीं शेजारीं उभा. १३६१ सालीं या सम्राटाला गादीचा वारस झाला. त्याचें नांव मात्र त्यानें कार्ल ठेवलें नाहीं, वात्स्लाव ठेवलें.