निळ्या पडद्यामागचं अंतराळ

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेतलं कालयान निघताना जी घरघर ऐकू येते, ती 1963 साली ब्रायन हॉजसन यांनी घराच्या किल्लीनं काढली होती. एका जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली खरवडली, आवाज टेपवर घेतला आणि टेपशी खेळत त्याचं यान केलं. तीन वर्षांनी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' सुरू झाली. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चात बसेना, म्हणून माणसं प्रकाशात विरघळून दुसरीकडे उमटतात अशी युक्ती निघाली. यानाची 'आपोआप' सरकणारी दारं सेटमागून कामगार ओढत असत. यानावरच्या डॉक्टरांच्या हातातली काही उपकरणं तर चक्क बाजारातून आणलेल्या मीठदाण्या होत्या.

1980च्या दशकात दूरदर्शननं 'स्टार ट्रेक' दाखवली, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गच्च्यांवरच्या अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं होतं. मराठी वाचकाला मात्र विज्ञानकथेची ओळख दूरदर्शनवरच्या 'स्टार ट्रेक'आधीच छापील पानांवर झालेली होती. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना 1966ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत 1974 साली 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. ते लेखक म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. कागदावर कृष्णविवर उभं करायला लेखणी पुरते. पडद्यावर तेच उभं करायचं तर सुतार, रंगारी, लाइटमन, कॅमेरामन आणि संकलक असे सगळेच लागतात, आणि गाठीला पैसा लागतो.

पैशाच्या टंचाईवर मुंबईनं पहिल्यांदा काढलेली वाट गोष्टीतूनच गेली. 1989मध्ये दूरदर्शनवर आलेली आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' ही मुलांची मालिका. मुलं घरी संगणक जोडतात, त्यात देवयानी दीर्घिकेतली एक शक्ती येऊन बसते आणि काळातून प्रवास सुरू होतो. गिरीश कर्नाड, उर्मिला मातोंडकर आणि आशुतोष गोवारीकर त्यात होते, किशोरवयीन करण जोहरही होता. कथानकाची ही निवड फार विचारी म्हणायला हवी. परग्रहावरचा पाहुणा संगणकातच राहतो, त्यामुळे परग्रह बांधावा लागत नाही. मुलं भूतकाळात जातात, आणि भूतकाळाचे कपडे, वाडे, टांगे हिंदी-मराठी चित्रसृष्टीच्या हाताखालचेच होते.

भविष्यकाळ मात्र असा भाड्यानं मिळत नाही. 1998मध्ये 'कॅप्टन व्योम' आली, ती याच अवघड बाजूनं. दिग्दर्शक केतन मेहता, निर्मितीला दीपा साही, आणि व्योमच्या भूमिकेत मिलिंद सोमण, राष्ट्रीय पातळीवर पोहलेला दादरचा मराठी मुलगा. काळ बाविसाव्या शतकातला. तुरुंगातून निसटलेले बारा अट्टल गुन्हेगार सूर्यमालेत पसरले आहेत आणि व्योमला ते एकेक करून पकडायचे आहेत. म्हणजे अवकाशयानं हवीत, ग्रह हवेत, लढाया हव्यात, आणि तेही दर आठवड्याला.

हे ओझं केवढं होतं, ते साध्या हिशेबातून कळतं. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रं सरकत, म्हणजे मिनिटाला 1500. संगणकावर रचलेलं प्रत्येक चित्र, त्यातला उजेड, सावली, धातूची चकाकी यांसह यंत्राला पूर्ण करावं लागतं. यालाच या धंद्यात 'रेंडर करणं' म्हणतात. एका चित्राला दहा मिनिटं धरली, तर एका मिनिटाच्या दृश्यासाठी एकच यंत्र दहा दिवसांहून अधिक काळ रात्रंदिवस चालवावं लागेल. 1993च्या 'जुरासिक पार्क'मध्ये संगणकावर घडवलेले डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते जेमतेम सहा मिनिटं. त्यामागे हॉलिवूडची तिजोरी होती. इथे दूरदर्शनची मालिका होती, आणि सिलिकॉन ग्राफिक्ससारख्या कंपन्यांचं एकेक यंत्र मारुती मोटारीपेक्षा महाग होतं.

सेटवरचं काम तर त्याहून विचित्र. ज्याला आज सगळे 'क्रोमा' म्हणतात, तो एकरंगी पडदा ताणायचा आणि नटाला त्याच्यासमोर उभं करायचं. पुढ्यात ना यान, ना शत्रू. दिग्दर्शक सांगेल त्या बिंदूवर नजर रोखून तो दचकतो. पडद्यावर उजेड सारखा पडला नाही, एखादी चुणी राहिली, तर नंतर मागचं अंतराळ तिथेच फाटलेलं दिसतं. पडद्याचाच रंग नटाच्या कपड्यात असेल, तर कपड्याच्या जागी तारे उगवतात. म्हणून अंतराळाची पहिली जबाबदारी पडदा ताणणाऱ्यावर आणि दिवा लावणाऱ्यावर येते.

सगळ्यात मोठी उणीव होती माणसांची. त्या वेळी हे काम शिकवणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. नवे लोक पुष्कळदा कामावरच शिकत, कुणी चित्रकलेतून आलेला, कुणी संगणकातून. मेहता-साही यांच्या 'माया' कंपनीतून 2001 साली 'माया अकॅडमी ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड सिनेमॅटिक्स' म्हणजे 'मॅक' ही शिक्षणसंस्था निघाली, ती अशा काळात. 2010मध्ये ती अ‍ॅपटेकनं घेतली.

इथून ही गोष्ट थेट ठाणे-डोंबिवलीत येते. टायपिंग आणि शॉर्टहँडच्या क्लासच्या पाट्या मिरवणाऱ्या स्टेशनलगतच्या इमारतींवर 2000नंतर अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, मल्टिमीडियाच्या पाट्या चढल्या. शिकून बाहेर पडलेल्या पोरांची कामं बहुतेक अंधेरी-गोरेगावला. त्यासाठी डोंबिवलीहून दादर गाठायचं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे धरायची. जून 2014मध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हा दादरचा तो वळसा संपला. रात्रपाळीत शेवटची कर्जत लोकल चुकली, तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत खुर्चीतच डुलकी काढायची, हे मात्र कायम राहिलं.

चित्रीकरणही दरम्यान या पोरांच्या दिशेनं सरकत आलं. गोरेगावची चित्रनगरी 1977ची. मालिका वाढल्या तशी तिथली जागा अपुरी पडली आणि सेट मीरा रोड, काशिमीरा, घोडबंदर रस्त्यानं ठाण्याच्या अंगाला आले. आता त्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये सासू-सुनांच्या घरगुती मालिकेतही खिडकीबाहेर हिरवं कापड ताणलेलं असतं. दिवाणखाना प्लायवुडचा आणि बाहेरचं आभाळ नंतर भरायचं.

ते भरणारा मुलगा कदाचित कल्याणचा असेल. नटाला हवेत उडवताना बांधलेली तार चित्रातून पुसणं हे त्याचं पहिल्या वर्षातलं काम, धंद्याच्या भाषेत 'वायर रिमूव्हल'. माउसनं तो तार हेरतो, तिच्यामागची भिंत शेजारच्या चित्रातून उचलून तिथे बसवतो, एक चित्र पुढे सरकतो आणि पुन्हा तार शोधतो. चार सेकंदांच्या त्या उडीत अशी 100 चित्रं असतात.