रायझोबियम

रायझोबियम : शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवर गाठी निर्माण करून त्यांत हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची प्रजाती. हेच काम करणाऱ्या ब्रॅडिरायझोबियम, मेसोरायझोबियम इ. प्रजातींनाही व्यवहारात हेच नाव लावतात. जिवाणू दंडाकार असून त्याची लांबी सुमारे १ ते ३ मायक्रोमीटर असते.

हवेत नत्र सुमारे ७८ टक्के आहे, पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असल्याने झाडांना तो थेट घेता येत नाही. मुळांतून पाझरणाऱ्या फ्लॅव्होनॉइडांकडे जिवाणू ओढला जातो. त्याने सोडलेल्या रसायनामुळे मूलरोम वाकतो आणि जिवाणू आत शिरतो. पुढे गाठ वाढते आणि तीत नायट्रोजिनेज हे विकर नत्राचे अमोनियात रूपांतर करते.

या व्यवस्थेतला सर्वांत विलक्षण भाग म्हणजे ऑक्सिजनाचे नियमन. जिवाणूला श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच, पण त्याच ऑक्सिजनाने नायट्रोजिनेज निकामी होते. गाठीतील लेगहीमोग्लोबिन, म्हणजे आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनाचेच आप्त, ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूला बेताबेताने पुरवते. म्हणून कार्यक्षम गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-लाल दिसते. शेतात करून पाहण्याजोगी ही खात्रीची परीक्षा आहे. नत्राच्या मोबदल्यात झाड जिवाणूला शर्करेपासून बनलेले अन्न देते. हा सौदा झाडाला महाग पडतो, त्यामुळे जमिनीत युरियाचा नत्र भरपूर असला की गाठी कमी धरतात.

कडधान्याने जमीन सुधारते हे शेतकऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. कपाशीत वा ज्वारीत तुरीच्या ओळी घेण्याची रीत महाराष्ट्रात रुजलेली आहे. कडधान्याने जमीन सुधारण्यामागचे कारण हेलरीगेल व विलफार्ट यांनी जर्मनीत १८८६ मध्ये मांडले. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी गाठींतील जिवाणू वेगळे करून वाढवले.

पिकांच्या गटागणिक जिवाणू निराळा असतो. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम, तर हरभऱ्याला मेसोरायझोबियम सायसेरी लागतो. एकाचे संवर्धन, म्हणजे पाकिटातून मिळणारे तयार जिवाणू, दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. सोयाबीन प्रथमच घेतलेल्या रानात योग्य जिवाणू बहुधा नसतात, तेथे बीजप्रक्रिया टाळू नये. गुळाच्या थंड केलेल्या द्रावणात संवर्धन कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळतात, सावलीत सुकवून लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी, जिवाणू शेवटी. पाकिटातील जिवाणू जिवंत असतात. उन्हात ठेवल्यास ते मरतात.