बाळाला लस मिळाली, पण आई-बाबांना?



मुलांचं लसींचं कार्ड काढून बघा. त्यात 'हिपॅटायटिस बी' दिसेल. कावीळीची लस, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. पण कॅन्सर टाळणारी ही पहिली लस, आणि ती आली आपल्या इथल्याच फिलाडेल्फियातून.

1965 मध्ये बारूक ब्लमबर्ग यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात सापडलेल्या अनोळखी प्रथिनाबद्दल लिहिलं. पुढे कळलं, ते हिपॅटायटिस बी विषाणूचं आवरण. हा विषाणू वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गुपचूप राहतो आणि काहींना शेवटी कॅन्सर होतो. 1969 मध्ये ब्लमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी लशीची पद्धत शोधली. 1981 ला अमेरिकेत लस मंजूर झाली, 1991 ला सगळ्या बाळांसाठी शिफारस झाली. तैवानने 1984 पासूनच बाळांना लस दिली आणि तिथे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर खरोखर घटला.

कॅन्सर पसरल्यावर मात्र डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. नेहमीची केमो लागू पडत नसे. नोव्हेंबर 2007 मध्ये इथे सोराफेनिब ही गोळी मंजूर झाली. चाचणीत रुग्णांचं मध्यक आयुष्य 7.9 महिन्यांवरून 10.7 वर गेलं. जेमतेम तीन महिने! पण दार उघडलं.

भारतात मात्र बायर कंपनी या गोळ्यांचे महिन्याला साधारण 2,80,000 रुपये घेई. मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने हैदराबादच्या नॅटकोला त्याच गोळ्या 8,880 रुपयांत विकायचा सक्तीचा परवाना दिला. देशातला तो पहिलाच. 2014 मध्ये मुंबई हायकोर्टानेही तो कायम ठेवला.

2020 मध्ये मोठी उडी झाली. अटेझोलिझुमॅब शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडतं आणि बेव्हासिझुमॅब गाठीचा रक्तपुरवठा रोखतं. दोन्ही मिळून मध्यक आयुष्य 19.2 महिने, त्याच चाचणीत सोराफेनिबवर 13.4. सगळ्यांना ही औषधं चालत नाहीत. उरलेलं लिव्हर किती धड आहे, त्यावर बरंच ठरतं.

आता आपल्याबद्दल. भारतात बाळांना ही लस 2002 च्या सुमारास काही भागांत सुरू झाली आणि 2011 पासून देशभर. म्हणजे आपल्यापैकी बहुतेक जण आणि गावाकडचे आई-बाबा त्याआधीचे. मुलं सुरक्षित, आपलं काय ते माहीत नाही!

2023 पासून सीडीसी सांगतं की प्रत्येक प्रौढाने निदान एकदा हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी करावी. पुढच्या फिजिकलला स्वतःहून मागा. संसर्ग नसेल आणि संरक्षणही नसेल तर लस घ्या. संसर्ग असेल तर घाबरू नका, विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत आणि गरज असेल त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आई-बाबांनाही तिकडे फॅमिली डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगा. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विषय काढाच.