दमल्या पायांच्या पाण्याची कुळकथा

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली नियमित गाडी सुटली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची ही गाडी दिवसातून एकदा जायची आणि एकदा परत यायची. वसई-विरारच्या माणसाचं घर एका टोकाला आणि पोट दुसऱ्या टोकाला, हा संसार त्या गाडीने सुरू झाला. आज विरार ते चर्चगेट हे साठ किलोमीटरचं अंतर असंख्य माणसं जाता-येता उभ्यानेच कापतात. दुकानात, कारखान्यात, हॉस्पिटलच्या वॉर्डात दिवसभर उभं राहायचं आणि परतीच्या गाडीत पुन्हा उभं राहायचं. रात्री चपला काढल्या की पट्ट्यांचे वळ पायावर उमटलेले असतात आणि घोटे सुजून जड झालेले असतात.

अशा घरांतून आता पलंगाखाली एक प्लास्टिकची वस्तू दिसू लागली आहे. दोन पावलं मावतील एवढा टब, तळाशी रोलर, पाणी कोमट ठेवणारा हीटर आणि बुडबुडे सोडणारा पंप. फूट स्पा. ऑनलाइन मागवला जातो, सणाला आईला किंवा सासूबाईंना भेट दिला जातो. ब्युटी पार्लरमधली चैन घरात आली, असंच पाहणाऱ्याला वाटतं. पण या टबाचं कूळ शोधत मागे गेलं तर वाट आपल्याच अंगणातून जाते. जमिनीतून वर येणारं ऊन पाणी, दारात पाहुण्याच्या पायावर पडणारं पाणी आणि युरोपातल्या जलोपचारांचं पाणी असे तीन प्रवाह त्यात मिळालेले आहेत. या तिन्हींच्या इतिहासात एक प्रश्न मला सतत भेटत राहिला: पाय कुणाचे, आणि धुणारे हात कुणाचे?

यातला सगळ्यात जुना प्रवाह निसर्गाचा. विरारहून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. पालघर जिल्ह्यात सातिवली आणि कोकणेर इथेही असे झरे आहेत, आणि हीच रांग दक्षिणेला थेट राजापूरपर्यंत जाते. इथे कुठलाही जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांनी वर येतं. वाटेत विरघळलेले क्षार आणि गंधकाचा वास ते सोबत आणतं.

वसईचा या कुंडांशी संबंध इतिहासानेही जोडला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. किल्ला मिळाला तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी वज्रेश्वरीला केला होता आणि आजचं देऊळ त्या नवसातून उभं राहिलं, असं परंपरा सांगते. देवीचं दर्शन आणि कुंडातलं स्नान ही जोडी वसईकरांच्या अंगवळणी पडली. पायऱ्या चढून-उतरून आलेला भाविक सगळं अंग भिजवो न भिजवो, काठावर बसून पाय सोडतोच. काही कुंडांचं पाणी इतकं कडक असतं की पाऊल एकदम घालता येत नाही. आधी टाच टेकवायची, मग थोडं थोडं आत न्यायचं. इथे पाय धुणारं कुणी नसतं आणि कुणाला मानही द्यावा लागत नाही. ज्याला जागा मिळेल तो बसतो.

घरातलं पाणी मात्र मानपानाने भरलेलं होतं. बाहेरून आलेल्याला उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी द्यायचं, मग गूळ-पाणी, मग बोलणं. अनवाणी किंवा साध्या वहाणांनी मैलोगणती चालत येणाऱ्यांच्या काळात ती स्वच्छतेची गरज होती आणि आदराची खूणही. लग्नात वधूचा बाप वराचे पाय धुतो आणि आई पाण्याची धार धरते. गुरूचे पाय शिष्य धुतो. धाकट्या हातांनी थोरल्या पायांची सेवा करायची, अशी दिशा ठरलेली होती. सवाष्णीचेही पाय धुतले जातात, पण तो त्या दिवसापुरता तिच्यात पाहिलेल्या देवीचा मान असतो. दमून आली म्हणून बाईचे पाय कुणी धुवावेत, अशी प्रथा आपल्याकडे बसली नाही.

आणि दमणं तर तिच्या वाट्याला भरपूर होतं. आषाढात भाताची लावणी सुरू झाली की दिवसचे दिवस पाय चिखलात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या, कातडी पांढरी पडून सोलायची. मिठागरात राबणाऱ्यांचे तळवे खाऱ्या पाण्याने चरचरीत व्हायचे. वसईच्या वाडीतली भाजी-फुलं डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या बायकांच्या टाचांना भेगा पडायच्या. यावरचे उपाय घरातच होते. बंबातलं ऊन पाणी घंगाळात ओतायचं, त्यात मूठभर जाडं मीठ किंवा निर्गुडीचा उकळलेला पाला घालायचा आणि पाय बुडवून बसायचं. चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून लावायचा आणि भेगांत कोकमाचं तेल भरायचं. साध्या हवेत गोळ्यासारखं घट्ट राहणारं हे तेल जरा ऊब लागली की वितळतं आणि भेगेत मुरतं. म्हणूनच ते ऊन पाण्यातून पाय काढल्यावर लगेच लावतात. पितळी घंगाळ, मीठ, पाला, तेल: आजच्या फूट स्पाच्या खोक्यावर जे जे छापलेलं असतं, त्यातलं मोटर सोडून बहुतेक सगळं इथे होतं.

शास्त्राचा आधारही जुना आहे. चरकसंहितेत पादाभ्यंगाने, म्हणजे पायांना तेल चोळल्याने, पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो असं सांगितलं आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं. तळव्याला तूप-तेल लावून काशाच्या वाटीने घासण्याचा घरगुती उपाय याच परंपरेतला. आज मोटरवर फिरणारी काशाची थाळी लावलेली यंत्रंही गावोगावी दिसतात. फूट स्पाची ती देशी चुलत बहीण.

मानपानाची दिशा कुणी उलटवली नाही, असं मात्र नाही. महाभारतात युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने ब्राह्मणांचे पाय धुण्याचं काम पत्करलं. वसईत तर हे उलटणं दरवर्षी डोळ्यांसमोर घडतं. पोर्तुगीज काळापासून इथे रुजलेल्या ख्रिस्ती समाजाच्या चर्चमध्ये पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू गुडघ्यांवर बसून गावातल्या माणसांचे पाय धुतात आणि पुसतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्या काळी ते काम घरातल्या नोकराचं होतं; गुरूने ते हाती घेतलं म्हणून शिष्य बावरले. शतकानुशतकं या विधीसाठी पुरुषांनाच बसवलं जाई. जानेवारी २०१६ मध्ये व्हॅटिकनच्या आदेशाने त्यात स्त्रियांनाही घेण्याची मुभा मिळाली. पाय धुण्याच्या लांबलचक इतिहासात ही तारीख मला फार मोलाची वाटते.

तिसरा प्रवाह युरोपातून आला. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातल्या सेबास्टियन क्नाइप या कॅथलिक धर्मगुरूने पाण्याच्या उपचारांना घराघरांत पोहोचवलं. तरुणपणी छातीच्या आजाराने खंगलेला असताना डॅन्यूबच्या थंड पाण्यात स्नान करून आपण बरे झालो, अशी त्याची श्रद्धा होती. १८८६ मध्ये त्याचं जलोपचारांवरचं पुस्तक निघालं आणि अनेक भाषांत गेलं. कोमट पादस्नानासाठी तो पाण्यात मीठ आणि लाकडाची राख घालायला सांगतो. वसईतल्या चुलीपुढच्या आजीला त्यात नवल वाटलं नसतं.

जर्मनीतल्या या निसर्गोपचारांची ओढ महात्मा गांधींना दक्षिण आफ्रिकेत असतानाच लागली. लुई कुने आणि अडॉल्फ युस्ट यांची पुस्तकं वाचून त्यांनी पाणी-मातीचे प्रयोग स्वतःवर आणि घरच्यांवर केले. पुढे पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशी ते जोडले गेले, आणि मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला त्यांनी ग्रामीण गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केले. तिथला आश्रम त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई यांनी पुढे वाढवला. गरम पादस्नान हा निसर्गोपचारातला नेहमीचा उपचार: पाय पोटरीपर्यंत गरम पाण्यात, अंगावर चादर आणि डोक्यावर गार पाण्याची घडी.

आता उरला बुडबुड्यांचा पंप. त्याची गोष्ट शेतातून सुरू होते. जकुझी हे इटलीतून कॅलिफोर्नियात आलेलं भावांचं कुटुंब. आधी विमानांचे पंखे, मग खोल विहिरीतून पाणी उपसणारे पंप असा त्यांचा व्यवसाय. बावखलं (वाडीतली छोटी तळी) आणि विहिरींवर बागा जगवलेल्या, रहाटाकडून मोटरपंपाकडे गेलेल्या वसईच्या वाडीवाल्यांना तो पंप ओळखीचाच वाटेल. त्यांच्यातल्या कँडिडो जकुझींच्या लहान मुलाला संधिवात होता. हॉस्पिटलमधल्या खळाळत्या पाण्याच्या उपचाराने त्याला आराम पडे. तो घरीच मिळावा म्हणून बाथटबात बसवता येईल असा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये टबाच्या भिंतीतच फवारे बसले. हेच तंत्र पुढे लहान होत दोन पावलांच्या टबापर्यंत पोहोचलं. एका बापाने आजारी मुलासाठी घरात आणलेलं पाणी, म्हणून या यंत्राच्या मुळाशी चैन नाही, माया आहे.

या पाण्याने नेमकं होतं काय? उभ्या माणसाच्या पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात; चालताना ते आवळतात-सैलावतात आणि रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की हे काम मंदावतं, रक्त खाली साचतं, पाय जड होतात. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैलावतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, दुखरेपणा कमी जाणवतो. झोपेशीही त्याचं नातं आहे. पाय उबदार झाले की शरीराच्या आतली उष्णता त्वचेवाटे बाहेर पडते आणि झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. मिठाचं किंवा एप्सम सॉल्टचं मॅग्नेशियम कातडीतून शरीरात जातं, याला मात्र भक्कम पुरावा नाही. आराम मुख्यतः उबेचा आहे.

म्हणून साधन कुठलंही चालेल. पाणी अडतीस ते चाळीस अंश, म्हणजे कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल इतपत. वेळ दहा-पंधरा मिनिटं. नंतर बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या आणि तेल लावायचं. पायाला सूज असेल तर पाणी कोमटच बरं, आणि नंतर उशीवर पाय उंच ठेवून पडायचं. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखू लागली तर टब बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. यंत्र घेताना गार पाणी तापवणारा हीटर आहे की नुसती ऊब राखणारा, हे विचारून घ्यावं. मधुमेह असलेल्यांनी, पायाची संवेदना कमी झालेल्यांनी किंवा जखम असलेल्यांनी पाय पाण्यात बुडवून बसू नये, असंच डॉक्टर सांगतात. चटका कळत नाही आणि भिजून मऊ पडलेल्या कातडीतून जंतू शिरतात.

यंत्राने हातांची माया दिली नाही, हे खरं. पण हजारो वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, त्यांना स्वतःचे पाय पाण्यात सोडून बसायची सोय त्याने दिली. विरारच्या गाडीतून उतरून, भाजी घेऊन, जिने चढून घरी आलेल्या बाईला आता त्यासाठी ना मान लागतो, ना सण. घरात फूट स्पा असो की जुनं घंगाळ, पाणी तापलं की आधी तिला बसवावं. आणि ती बसलेली असताना कुकर दुसऱ्या कुणीतरी लावावा.