व्हायोलिनची चीज, सेलोचा गळा

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने वाद्यवृंदाविषयी बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही गायक नाही, वादक नाही. पण माल बाजारात जातो तेव्हा तो घडविणाऱ्याचे नाव कोठे जाते, हा आमचा जुनाच प्रश्न आहे, आणि तोच आम्हाला येथवर घेऊन आला.

तुळजापूरच्या गोंधळातील संबळ आणि तुणतुणे आपण लहानपणापासून ऐकतो. संबळाची करामत तुणतुण्यावर काढ, असे गोंधळ्याला सांगितले तर तो हसेल. युरोपात मात्र असा उद्योग मोठ्या गांभीर्याने चालतो. स्पेनचा व्हायोलिनवादक सारासाते याने १८७८ साली जिप्सी सुरावटींवर एक रचना केली. ती निष्णात हातांनाही घाम फोडते. पुढे तीच सेलोसाठी बांधली गेली. सेलो हा व्हायोलिनचा थोरला भाऊ. वादक बसून तो गुडघ्यांत धरतो. व्हायोलिनची तार सुमारे १३ इंच, तर सेलोची २७. व्हायोलिनवर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत एक सप्तक मावते. सेलोवर त्यासाठी अंगठाच तारेवर आडवा टेकवावा लागतो. शिवाय सूर खाली उतरला की तो इतर वाद्यांच्या गर्दीत बुडतो. मग बांधणी करणारा भोवतालची वाद्ये विरळ करतो, कोणाला थांबवितो, कोणाला हलक्या हाताने वाजवावयास सांगतो. हे सारे कागदावर, एकेका वादकासाठी वेगळे लिहावयाचे! टाळ्या मात्र वादकाला पडतात.

ही कारागिरी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आणली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. संगीत दिग्दर्शकाने पेटीवर चाल सांगावी, आणि या मंडळींनी ती व्हायोलिन, सेलो, बासरी यांत वाटून लिहून काढावी. सेबॅस्टियन डिसूझा हे त्यांतले मोठे नाव. दुसरे अँथनी गोन्साल्विस. हे माजोर्ड्याचे, जन्म १९२७. प्यारेलाल शर्मांना व्हायोलिन शिकविले ते यांनीच. चालींची हमाली करण्यावर त्यांचे समाधान नव्हते. आपले राग मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहावेत या ध्यासाने १९५८ साली त्यांनी वाद्यवृंद उभारला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात तो वाजविला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो उपक्रम फार काळ टिकला नाही. पुढे ते अमेरिकेस गेले आणि नंतर गोव्यात परतले.

पडद्यावर संगीत दिग्दर्शकाचे नाव ठळक येई. लिहून देणाऱ्याचे आले तर आले. १९७७ साली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी'मधल्या गमतीच्या गाण्यात गुरूचे नाव घातले. ते गल्लोगल्ली पोहोचले, पण गाण्यातल्या पात्राचे म्हणून. खरे गोन्साल्विस जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात वारले.

मध्यंतरी धाराशिवला एका सभेनंतर आम्ही चार तरुणांना हे नाव विचारले. चौघेही हसले, आणि एकाने लागलीच ते गाणे म्हणावयास सुरुवात केली.