बाल्टिमोरची रो-हाउसे

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात एकोणिसाव्या शतकापासून कामगार कुटुंबे ज्यांत राहत आली ती विटांची, अरुंद, रांगेने बांधलेली घरे. दोन घरांत भिंत एकच. दारापुढच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या घासून लख्ख ठेवणे हा गल्लीतल्या बायकांच्या अभिमानाचा भाग असे.

१९५० साली शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती; २०२० मध्ये ती सहा लाखांच्याही खाली आली. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, कारखान्यांतली कामे आटली. मात्र या ऱ्हासाला नुसती बाजाराची चाल म्हणणे अन्यायाचे होईल. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या गल्ल्या वेगळ्या ठेवणारा कायदा शहराने १९१० मध्येच केला होता. १९१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने असे कायदे रद्द ठरले, तरी १९३० च्या दशकातील सरकारी नकाशांत कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या गेल्या. अशा ठिकाणी घरकर्ज मिळणे दुरापास्त झाले आणि दुरुस्त्या रखडल्या.

पुढचे नुकसान सामायिक भिंतीमुळे पसरते. रिकाम्या घराचे छप्पर गळते, तुळया कुजतात, ओल शेजाऱ्याकडे उतरते. ते घर पाडले, तर कधीच पाऊस न सोसलेली मधली भिंत उघडी पडते.

१९७३ पासून पडीक घरे एका डॉलरला, दुरुस्त करून तिथेच राहण्याच्या अटीवर, देण्यात आली. बंदराजवळचा ऑटरबाइन भाग त्यातून सावरला. पूर्व आणि पश्चिम बाल्टिमोरच्या अनेक गल्ल्यांतली घरे मात्र ओसच राहिली.