व्यक्तिनामांचा अर्थ : चिंचवड-चाकण परिसरातील काही नावे

व्यक्तिनामाचा कोशातील अर्थ सांगणे सोपे असते. ते नाव कोणी, कोणत्या प्रसंगी आणि कशाच्या आशेने वा भीतीने ठेवले हे सांगणे कठीण. इतिहासाच्या अभ्यासकास उपयोग होतो तो मात्र या दुसऱ्या अर्थाचा. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज कारखान्यांचा जो पट्टा पसरलेला आहे, त्यात आणि त्याच्या शेजारी या प्रश्नाची काही बोलकी उदाहरणे सापडतात.

चाकणच्या दक्षिणेस आळंदी आहे. तेथील चार भावंडांची निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही नावे क्रमाने वाचली की अध्यात्माच्या पायऱ्या सिद्ध होतात, असे कीर्तनकार सांगत आले आहेत. हा अन्वय मनोहर आहे. परंतु चौथे अपत्य जन्मण्यापूर्वी पहिल्याचे नाव ठेवले गेलेले असते, हे विसरून चालत नाही. परंपरेप्रमाणे विठ्ठलपंतांनी घेतलेला संन्यास गुरूच्या आज्ञेने सोडला व ते पुन्हा संसारात आले. त्या संसारातील पहिल्या मुलाचे नाव ‘निवृत्ती’ असावे, ही गोष्ट चौघांच्या क्रमाहून अधिक विचार करण्याजोगी आहे. जो मार्ग पित्याने सोडला, त्याचेच नाव मुलास मिळाले. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना वाळीत टाकण्यात आले, त्यांच्या घरात हे नाव रोज उच्चारले जात होते.

चिंचवडच्या मोरया गोसावींचे नाव निराळ्या जातीचे आहे. मोरगावच्या मयूरेश्वराच्या कृपेने पुत्र झाला म्हणून आईवडिलांनी त्याला देवाचेच नाव दिले, असे परंपरा सांगते. येथे नाव म्हणजे फेडलेल्या ऋणाची पावती होय. पुढे उपासक इतका मोठा झाला, की गणपतीच्या जयघोषातील ‘मोरया’ देवाचा की भक्ताचा, असा वाद उत्पन्न झाला. वस्तुतः हा वाद निकालात काढण्याची गरज नाही. भक्ताचे नाव मुळात देवाकडूनच आलेले असल्यामुळे दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी पोहोचतात. मोरयांच्या पुत्राचे नाव चिंतामणी, हेही गणपतीचेच. तुकोबांनी त्यांना ‘देव’ म्हटले व तेच घराण्याचे आडनाव झाले, अशी आख्यायिका आहे. या घराण्याच्या सात पिढ्यांत गणपतीचा अंश मानला जाई, आणि चिंतामणी व नारायण ही नावे तीत पुन्हा पुन्हा येतात. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रीत श्रद्धेच्या दृष्टीने गोड, पण कागद वाचणाऱ्यास जाचक! नुसत्या ‘चिंतामणी देव’ या उल्लेखावरून व्यक्ती ठरविता येत नाही, समाधिमंदिराच्या शिलालेखातील शके १५८० (इ. स. १६५८-५९) यासारखा काळाचा आधार हाती लागेल तेव्हाच पिढी निश्चित होते.

नावातील शब्द कोणत्या भाषेतून आला यावरून माणसाचे कूळ ठरविण्याचा मोह तर अधिकच घातक होय. १६६० मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला सुमारे दोन महिने लढविणारा फिरंगोजी नरसाळा नावावरून कोणी परका समजेल. पण ‘फिरंग’ म्हणजे युरोपीय पात्याची सरळ तलवार, हाही अर्थ त्या काळी रूढ होता. मालोजी भोसल्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसावरून पडली, असे सांगतात. त्यावरून नवस कळतो, धर्मांतर नव्हे.

कोश सर्वांत अधिक फसवितो तो हीनार्थी नावांच्या बाबतीत. मागील अपत्ये दगावलेल्या घरी मुलास धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवीत. दगडाला किंवा केराला कोण दृष्ट लावणार? फार हवेसे मूल ‘नको’च्या आड लपविण्याची ही युक्ती होती. ‘नकुशी’ हे नाव वरवर याच मालिकेतील वाटते. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीस ते ठेवीत. पुढचा तरी मुलगा व्हावा ही त्यामागील इच्छा. तेथे लपविलेले काहीच नाही. ‘नको’ म्हणजे नकोच. दोन्ही नावे अवहेलनेची आहेत. पण एकाच्या मागे मूल जगावे ही तळमळ आहे, दुसऱ्याच्या मागे ते जन्मल्याची खंत. धोंडूला मोठेपणी आपल्या नावाची कथा सांगता येत असे. नकुशीने ती कोणाला सांगावी?

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. नाव ज्याचे, त्याला त्यात मत नसते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे जिल्ह्यातील २८५ ‘नकुशीं’ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, तेव्हा त्यांतील काही मुलींनी आपले नाव आपणच निवडले.